परळची प्राणिप्रयोगशाळा आणि हृदयाचे यंत्र : मुंबई व रायगड किनारपट्टीच्या संदर्भात हृदयसहायक पंपांच्या प्राणिचाचण्यांचा ऐतिहासिक अभ्यास

प्रस्तावना

मानवी हृदय हा एक पंप नसून एकमेकांना जोडलेले दोन पंप आहेत. हृदयाच्या खालच्या दोन कप्प्यांना जवनिका म्हणतात. उजवी जवनिका शरीरातून परतलेले अशुद्ध रक्त फुप्फुसांकडे पाठवते, तर डावी जवनिका फुप्फुसांतून शुद्ध होऊन आलेले रक्त सर्व शरीराला पुरवते. या दोन्ही जवनिका दुर्बळ झाल्या असता त्यांच्या जोडीला यंत्र बसवून रुग्णाचे प्राण वाचवता येतील काय, हा विसाव्या शतकातील वैद्यकासमोरचा एक अत्यंत कठीण प्रश्न होता. आज पेन्सिलीएवढ्या जाडीचे पंप तयार झाले आहेत आणि दोन्ही जवनिकांना एकाच वेळी आधार देण्याच्या त्यांच्या क्षमतेची परीक्षा वासरे, मेंढ्या व डुकरे यांच्यावर घेतली जाते. या परीक्षांमागे अनेक दशकांच्या प्राणिप्रयोगांचा इतिहास उभा आहे.

हा इतिहास बहुधा क्लीव्हलँड, मिनियापोलिस, ह्यूस्टन, मॉस्को या शहरांच्या अनुषंगाने सांगितला जातो. तथापि त्याची एक शाखा मुंबईतही रुजली होती. १९५० व १९६० च्या दशकांत मुंबईतील दोन रुग्णालयांच्या शल्यचिकित्सकांनी कुत्र्यांवर हृदय-फुप्फुस यंत्राचे प्रयोग केले. त्यांपैकी परळच्या केईएम रुग्णालयातील चमूने पुढे हृदयस्नायूला रक्तपुरवठा करण्याचे व हृदयप्रत्यारोपणाचेही प्रयोग केले. या कार्याची आठवण भारतातील पहिल्या हृदयप्रत्यारोपणाच्या निमित्ताने अधूनमधून काढली जाते. मात्र त्या शस्त्रक्रियेमागील प्राणिप्रयोगशाळेकडे इतिहासलेखनाचे लक्ष फारसे गेलेले नाही. डेव्हिड जोन्स व कविता शिवरामकृष्णन या अभ्यासकांनी २०१८ साली प्रसिद्ध केलेल्या लेखनामुळे या विषयाला प्रथमच भक्कम ऐतिहासिक अधिष्ठान लाभले.

प्रस्तुत निबंधाची उद्दिष्टे पुढीलप्रमाणे आहेत :

(१) मुंबईतील हृदयशल्यचिकित्सेच्या उभारणीत प्राणिप्रयोगशाळेचे स्थान तपासणे.
(२) या प्रयोगांनी कोणत्या प्रश्नांची उत्तरे दिली व कोणते प्रश्न अनुत्तरित राहिले, याचा शोध घेणे.
(३) दोन्ही जवनिकांना आधार देणाऱ्या आजच्या सूक्ष्म पंपांच्या चाचण्यांकडे या अनुभवाच्या प्रकाशात पाहणे.

१. पार्श्वभूमी : बंदरापलीकडचे रुग्णालय

आजचा रायगड जिल्हा १९८१ पर्यंत कुलाबा जिल्हा म्हणून ओळखला जाई. उरण, अलिबाग, मुरूड, श्रीवर्धन ही त्याची किनारपट्टी मुंबई बंदराच्या समोर किंवा त्याच्या दक्षिणेला पसरलेली आहे. अंतराच्या दृष्टीने अलिबाग मुंबईला जवळ असले, तरी उपचारांच्या दृष्टीने ते दूर होते. रेवसहून लाँचने भाऊच्या धक्क्यावर उतरायचे आणि तेथून परळ गाठायचे, हा गंभीर आजारी माणसाचा नेहमीचा मार्ग होता. पावसाळ्यात समुद्र खवळला की हा मार्ग भरवशाचा राहत नसे, आणि ठाण्याच्या खाडीवरून वाशीला जोडणारा पूलही १९७० च्या दशकापूर्वी नव्हता. अलिबागला शासकीय वैद्यकीय महाविद्यालय सुरू झाले ते २०२१ साली. म्हणजे ज्या कालखंडाचा येथे विचार करावयाचा आहे, त्या काळात या किनाऱ्यावरील हृदयरोग्याला मुंबईच्या महापालिका रुग्णालयांशिवाय फारसा पर्याय नव्हता.

या रुग्णालयांशी कोकणचा आणखी एक संबंध होता. परळ, लालबाग, शिवडी हा गिरणगावाचा प्रदेश. तेथील चाळींत कोकणातून आलेली कुटुंबे दाटीवाटीने राहत. ऱ्हुमॅटिक ताप हा गरिबीचा व दाटीचा आजार समजला जातो. लहानपणी घशाच्या संसर्गानंतर येणारा हा ताप हृदयाच्या झडपांना कायमची इजा करतो. डाव्या बाजूची द्विदल झडप आकसली की रक्त मागे तुंबते, फुप्फुसांतील दाब वाढतो आणि त्या वाढलेल्या दाबाविरुद्ध काम करून अखेर उजवी जवनिका थकते. रुग्णाला धाप लागते, पाय सुजतात, पोटात पाणी होते. तेव्हा या भागातील हृदयरोग हा केवळ डाव्या जवनिकेचा प्रश्न नव्हता. डावीकडे सुरू होऊन उजवीकडे संपणारा असा तो आजार होता. पुढील विवेचनाच्या दृष्टीने ही बाब महत्त्वाची आहे.

२. परळ : मानववैद्यक व पशुवैद्यक यांचे सान्निध्य

परळचा परिसर वैद्यकीय इतिहासाच्या दृष्टीने विलक्षण आहे. प्लेगच्या साथीनंतर वाल्डेमार हाफकिन यांची प्रयोगशाळा १८९९ साली येथील जुन्या गव्हर्नर निवासात आली. तीच पुढे हाफकिन संस्था या नावाने प्रसिद्धीस पावली. त्याआधीच १८८० च्या दशकात दिनशा पेटिट यांच्या देणगीतून बाई साकरबाई दिनशा पेटिट पशुरुग्णालय उभे राहिले होते आणि त्याच आवारात १८८६ साली मुंबई पशुवैद्यक महाविद्यालयाचा आरंभ झाला. १९२६ मध्ये सेठ गोरधनदास सुंदरदास वैद्यकीय महाविद्यालय व केईएम रुग्णालय सुरू झाले. प्राण्यांवर उपचार करणारी आणि प्राण्यांवर प्रयोग करणारी अशा दोन्ही प्रकारच्या संस्था एकाच परिसरात नांदत होत्या.

केईएम रुग्णालयाच्या स्थापनेला राष्ट्रीय अस्मितेचा संदर्भ होता. महाविद्यालयासाठी दिलेल्या देणगीत अध्यापकवर्ग भारतीयांचाच असावा, अशी अट होती. मुंबई सेंट्रलजवळील नायर रुग्णालयाशी संलग्न असलेले महाविद्यालयही १९२१ साली असहकार चळवळीच्या वातावरणात राष्ट्रीय वैद्यकीय महाविद्यालय म्हणून जन्मास आले होते. स्वातंत्र्यानंतर हृदयशल्यचिकित्सेत पुढाकार घेणारी मुंबईतील ही दोन रुग्णालये अशा प्रकारे स्वदेशीच्या विचारातूनच उभी राहिली होती. यंत्र आयात करावे की येथेच घडवावे, हा १९५० च्या दशकातील वाद त्यांच्या दृष्टीने नुसता खर्चाचा वाद नव्हता.

३. हृदय-फुप्फुस यंत्र : दोन शल्यचिकित्सक, दोन मार्ग

हृदय उघडून आतील दोष दुरुस्त करावयाचा तर तेवढा वेळ हृदयाचे व फुप्फुसांचे काम बाहेरच्या यंत्राने करावे लागते. जॉन गिबन यांनी १९३० च्या दशकात मांजरांवर प्रयोग सुरू करून मे १९५३ मध्ये फिलाडेल्फिया येथे अशा यंत्राच्या साहाय्याने मानवी हृदयावरील पहिली यशस्वी शस्त्रक्रिया केली. १९५५ साली मिनियापोलिस येथे रिचर्ड डीवॉल व वॉल्टन लिलेहाय यांनी रक्तातून प्राणवायूचे बुडबुडे सोडून ते शुद्ध करणारे तुलनेने साधे व स्वस्त उपकरण सिद्ध केले. त्यानंतर दोनच वर्षांत अशी यंत्रे बाजारात आली.

भारतात मात्र ती सहजासहजी येऊ शकली नाहीत. दुसऱ्या पंचवार्षिक योजनेच्या काळात, १९५७ च्या सुमारास, परकीय चलनाची तीव्र टंचाई निर्माण झाली आणि आयातीवर कडक निर्बंध आले. या परिस्थितीत मुंबईतील दोन शल्यचिकित्सकांनी भिन्न मार्ग पत्करले. नायर रुग्णालयातील डॉ. केर्सी दस्तूर यांनी पारशी समाजाच्या संबंधांतून स्थानिक कारखानदारीचे कौशल्य मिळवले व यंत्र येथेच घडवण्यावर भर दिला. केईएम रुग्णालयातील डॉ. प्रफुल्लकुमार सेन यांनी रॉकफेलर प्रतिष्ठानच्या साहाय्याने परदेशी प्रशिक्षण व उपकरणे प्राप्त केली. १९६२ सालापर्यंत दोन्ही रुग्णालयांत यंत्राच्या साहाय्याने उघड्या हृदयावरील शस्त्रक्रिया होऊ लागल्या होत्या.

एक मार्ग स्वदेशी व दुसरा परावलंबी अशी सोपी विभागणी येथे करता येत नाही. येथे घडवलेले यंत्र मूळ परदेशी कल्पनेवर आधारलेले होते, तर बाहेरून आणलेले यंत्र येथील परिस्थितीत चालवण्याची विद्या येथेच कमवावी लागली. दोन्ही मार्ग ज्या ठिकाणी एकत्र येत, ते ठिकाण म्हणजे प्राणिप्रयोगशाळा होय. रुग्णापर्यंत पोहोचण्यापूर्वी दोघांनाही कुत्र्यांवर यंत्र चालवून पाहावे लागले आणि दोघांनाही त्यात अनेक अपयशे पचवावी लागली.

४. प्रयोगशाळेने काय शिकवले

प्राणिचाचणी म्हणजे यंत्राची परीक्षा, असा सर्वसाधारण समज आहे. तो अपुरा आहे. यंत्राबरोबरच, किंबहुना यंत्राहून अधिक, तेथे माणसांची परीक्षा होते.

हृदय-फुप्फुस यंत्र चालवताना एकाच वेळी अनेक गोष्टी सांभाळाव्या लागतात. रक्त गोठू नये म्हणून हेपॅरिन द्यावे लागते आणि शस्त्रक्रियेनंतर त्याचा परिणाम नाहीसा करावा लागतो. रक्तात मिसळलेल्या प्राणवायूचा एखादा बुडबुडा जरी उरला आणि मेंदूत गेला, तरी रुग्ण शुद्धीवर येत नाही. नळ्यांतून व पंपातून फिरताना तांबड्या पेशी फुटतात. त्या प्रमाणाबाहेर फुटल्या तर मूत्रपिंडे निकामी होतात. यंत्रातून परत येणाऱ्या रक्ताचे प्रमाण यंत्राकडे जाणाऱ्या रक्ताएवढे राखावे लागते. सुरुवातीच्या यंत्रांत ते भरण्यासाठीच दात्यांचे बरेच रक्त लागे, आणि ज्या शहरात रक्तदानाची सवय नुकती रुजत होती, तेथे ही मोठीच अडचण होती.

यांपैकी बराच भाग पुस्तकात लिहिता येतो. तथापि कोणत्या क्षणी पंपाचा वेग कमी करावा, नळीतील रक्ताचा रंग किती काळवंडला म्हणजे धोका समजावा, भूलतज्ज्ञाने शल्यचिकित्सकाला केव्हा थांबवावे, हे शब्दांत पूर्णपणे उतरत नाही. ते हाताला व डोळ्याला सरावाने येते. शल्यचिकित्सक, भूलतज्ज्ञ, यंत्र चालवणारे तंत्रज्ञ, परिचारिका व विकृतिशास्त्रज्ञ यांचा एक चमू तयार व्हावा लागतो. मुंबईत हा चमू प्राणिप्रयोगशाळेत तयार झाला. परदेशातून यंत्र आणता येते, परंतु चमू आणता येत नाही. या प्रयोगांतून निघणारा हा पहिला निष्कर्ष होय.

५. सर्पहृदयापासून प्रत्यारोपणापर्यंत

केईएम रुग्णालयातील प्रयोगशाळा केवळ पाश्चात्त्य तंत्राची पुनरावृत्ती करत नव्हती, याचा पुरावा १९६५ साली सेन, तेहमटन उदवाडिया, किनरे व परुळकर यांनी प्रसिद्ध केलेल्या संशोधनात मिळतो. सापासारख्या सरपटणाऱ्या प्राण्यांच्या हृदयाचा स्नायू स्पंजासारखा असून त्याला बराचसा रक्तपुरवठा जवनिकेच्या पोकळीतूनच थेट होतो. सस्तन प्राण्यांत हे काम हृदयाच्या पृष्ठभागावरील रोहिण्या करतात आणि त्या तुंबल्या की हृदयविकाराचा झटका येतो. कुत्र्याच्या हृदयस्नायूला सुईने अनेक सूक्ष्म छिद्रे पाडून सापाच्या हृदयाप्रमाणे आतून रक्त पोहोचवता येईल काय, हा प्रश्न या चमूने विचारला. छिद्रे पाडलेल्या हृदयाची मुख्य रोहिणी बांधल्यावरही प्राणी तग धरून राहण्याचे प्रमाण अधिक असल्याचे त्यांनी नोंदवले.

या कल्पनेचे पुढील भवितव्य बोधप्रद आहे. १९८० च्या दशकात सुईच्या जागी लेसर किरण आले. १९९८ साली अमेरिकेत या उपचाराच्या उपकरणाला मान्यता मिळाली आणि त्यासंबंधीच्या लेखनात परळच्या प्रयोगाचा उल्लेख होत राहिला. पाडलेली छिद्रे कालांतराने बुजतात, असेही पुढे दिसून आले व उपचाराचे मूल्य वादग्रस्त ठरले. तरीही एक गोष्ट शिल्लक राहते. साधनांची चणचण असलेल्या महापालिका रुग्णालयात, एका साध्या सुईच्या साहाय्याने, जगाने दखल घ्यावी असा मूलभूत प्रश्न विचारला गेला होता.

याच सुमारास हृदयप्रत्यारोपणाचे प्रयोगही सुरू होते. सोव्हिएत रशियात व्लादिमीर डेमिखोव्ह यांनी १९४० च्या दशकापासून कुत्र्यांवर हृदयप्रत्यारोपणाचे प्रयोग केले होते. स्टॅनफर्ड येथे रिचर्ड लोअर व नॉर्मन शमवे यांनी १९६० साली पुढे सर्वमान्य झालेले तंत्र मांडले होते. ३ डिसेंबर १९६७ रोजी केपटाऊन येथे ख्रिस्तियान बर्नार्ड यांनी मानवात पहिले प्रत्यारोपण केले. त्यानंतर अडीच महिन्यांतच, फेब्रुवारी १९६८ मध्ये, सेन यांच्या चमूने केईएम रुग्णालयात भारतातील पहिले हृदयप्रत्यारोपण केले. रुग्ण सुमारे तीन तास जगला. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये झालेल्या दुसऱ्या प्रत्यारोपणाचा रुग्ण सुमारे चौदा तास जगला. त्यानंतर हा उपक्रम थांबला.

इतक्या अल्प काळात ही शस्त्रक्रिया करता आली, याचे कारण वर्तमानपत्रांतील बातम्यांत नव्हे, तर त्याआधीच्या कुत्र्यांवरील सरावात शोधावे लागते. शिवण कोठे घालावी, हृदय किती वेळ रक्ताविना ठेवावे, ते पुन्हा कसे सुरू करावे, हे चमूला ठाऊक होते. मग रुग्ण का वाचू शकले नाहीत, असा प्रश्न साहजिकच उपस्थित होतो.

६. निरोगी प्राणी व आजारी मनुष्य

या प्रश्नाचे एकच एक उत्तर देणे योग्य होणार नाही. १९६८ हे वर्ष जगभर प्रत्यारोपणाच्या उत्साहाचे व तितक्याच मोठ्या निराशेचे होते. त्या काळातील बहुतेक रुग्ण फार काळ जगले नाहीत आणि अनेक केंद्रांनी तो कार्यक्रम सोडून दिला. शरीराने परके हृदय नाकारू नये यासाठी लागणारी परिणामकारक औषधे १९८० च्या आसपास आली. मेंदूमृत्यूला भारतीय कायद्यात मान्यता मिळाली ती मानवी अवयव प्रत्यारोपण कायद्याने १९९४ साली. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये दिल्लीच्या अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्थेत डॉ. पी. वेणुगोपाल यांनी देशातील पहिले यशस्वी हृदयप्रत्यारोपण केले. मुंबईत यशस्वी प्रत्यारोपण होण्यास २०१५ साल उजाडले.

तथापि प्राणिप्रयोगांच्या पद्धतीतच असलेली एक मर्यादा येथे विचारात घेणे आवश्यक आहे. प्रयोगशाळेत आणलेला कुत्रा सामान्यतः निरोगी असतो. त्याची फुप्फुसे मऊ, रक्तवाहिन्या लवचिक आणि उजवी जवनिका धडधाकट असते. शस्त्रक्रियेच्या टेबलावर येणारा रुग्ण तसा नसतो. वर्षानुवर्षांच्या हृदयविकाराने त्याच्या फुप्फुसांतील रक्तवाहिन्या आकसलेल्या व जाड झालेल्या असतात. अशा रुग्णाच्या छातीत निरोगी दात्याचे हृदय बसवले, तर त्या हृदयाच्या उजव्या जवनिकेला सवय नसलेल्या दाबाला एकाएकी तोंड द्यावे लागते आणि ती काही तासांत निकामी होऊ शकते. प्रत्यारोपणानंतरच्या लवकर होणाऱ्या मृत्यूंचे हे एक सुपरिचित कारण आहे. म्हणून आज प्रत्यारोपणापूर्वी फुप्फुसांतील दाब काटेकोरपणे मोजला जातो.

ज्या किनारपट्टीवरील व गिरणगावातील रुग्णांत द्विदल झडपेचा विकार मोठ्या प्रमाणावर आढळे, त्यांच्या बाबतीत हा मुद्दा अधिकच लागू पडतो. निरोगी प्राण्याने 'हे करता येते काय' या प्रश्नाचे उत्तर दिले. 'या रुग्णाला हे सोसेल काय' या प्रश्नाचे उत्तर देणे त्याच्या आवाक्याबाहेरचे होते.

७. सूक्ष्म पंप व दोन्ही जवनिकांचा आधार

प्रत्यारोपणासाठी दात्यांची कायमच कमतरता असल्यामुळे संशोधनाचा दुसरा प्रवाह यंत्रांकडे वळला. १९५७ साली क्लीव्हलँड येथे विलेम कोल्फ व तेत्सुझो आकुत्सू यांनी कुत्र्याचे हृदय काढून त्या जागी कृत्रिम हृदय बसवले व त्यावर तो प्राणी सुमारे दीड तास जिवंत राहिला. पुढे कुत्र्याऐवजी वासरू हा प्रयोगाचा प्राणी ठरला, कारण त्याची छाती व रक्तप्रवाह मानवाच्या अधिक जवळचा आहे. वासरांवरील दीर्घ प्रयोगांनंतर डिसेंबर १९८२ मध्ये जार्विक-७ हे कृत्रिम हृदय प्रथम मानवात बसवण्यात आले. तो रुग्ण ११२ दिवस जगला. हे यंत्र बाहेरील अवजड हवापंपाला जोडलेले होते, ही त्याची मोठी अडचण होती.

लहान पंपाची कल्पना एका अनपेक्षित ठिकाणाहून आली. रिचर्ड वॉम्प्लर या अमेरिकन डॉक्टरांनी १९७६ मध्ये इजिप्तच्या खेड्यात आर्किमिडीजच्या स्क्रूने पाणी उपसणारे शेतकरी पाहिले. तसाच फिरता स्क्रू रक्तवाहिनीतून हृदयात सरकवता येईल, या विचारातून हेमोपंप तयार झाला आणि १९८८ साली ह्यूस्टन येथे तो प्रथम रुग्णात वापरला गेला. मिनिटाला सुमारे पंचवीस हजार फेऱ्यांनी फिरणारा हा पंप रक्तपेशी चिरडून टाकील, अशी भीती तज्ज्ञांना होती. ती अतिरंजित होती हे प्रथम प्राण्यांत दिसून आले. मांडीच्या रोहिणीतून हृदयात नेण्याचे आजचे इम्पेला जातीचे पंप याच विचाराचे वारस आहेत. २००० साली मानवात प्रथम वापरलेला जार्विक-२००० हा पंप तर जवनिकेतच बसणारा, सुमारे नव्वद ग्रॅम वजनाचा होता.

हे पंप प्रामुख्याने डाव्या जवनिकेसाठी होते. तथापि लवकरच असे दिसून आले की डावीकडे पंप बसवल्यावर काही रुग्णांची उजवी जवनिका कोलमडते. याची कारणे दोन आहेत. एक म्हणजे डावा पंप अधिक रक्त पुढे ढकलू लागला की तेवढेच रक्त उजव्या बाजूकडे परत येते आणि आधीच थकलेल्या जवनिकेला ते पेलत नाही. दुसरे म्हणजे डावा कप्पा रिकामा होताना दोन जवनिकांमधील पडदा डावीकडे ओढला जातो व उजव्या जवनिकेच्या आकुंचनाची रीतच बिघडते.

यावर उपाय म्हणून दोन्ही बाजूंना पंप बसवणे सोपे वाटते. प्रत्यक्षात ते तसे नाही. महारोहिणीतील सरासरी दाब पाऱ्याच्या सुमारे ९० ते १०० मिलिमीटर असतो, तर फुप्फुसांकडे जाणाऱ्या रोहिणीत तो सुमारे १५ मिलिमीटर असतो. म्हणजे दोन्ही पंपांनी मिनिटाला जवळपास सारखेच, सुमारे पाच लिटर, रक्त वाहून न्यावयाचे, मात्र ते सहापट भिन्न दाबांविरुद्ध. डावीकडचाच पंप उजवीकडे बसवून त्याच वेगाने फिरवला तर फुप्फुसांत रक्ताचा पूर लोटेल. उजवा पंप डाव्यापेक्षा मिनिटाला केवळ अर्धा लिटर रक्त अधिक देऊ लागला, तरी दोनच मिनिटांत एक लिटर जादा रक्त फुप्फुसांत साठेल. निसर्गतः दोन जवनिका हा तोल स्वतःच सांभाळतात. यंत्राला तो शिकवावा लागतो.

म्हणूनच दोन्ही बाजूंच्या पंपांची प्राणिचाचणी ही निराळ्या प्रकारची असते. प्राण्याच्या हृदयाची लय बिघडवून ते निष्क्रिय केले जाते व केवळ दोन पंपांवर रक्ताभिसरण टिकते काय, ते पाहिले जाते. फुप्फुसांतील दाब मुद्दाम वाढवला जातो. हृदयाच्या रोहिण्यांत सूक्ष्म कण सोडून किंवा त्या बांधून हृदय दुर्बळ केले जाते. निरोगी प्राण्याला आजारी करून मग यंत्राची परीक्षा घ्यावयाची, हा या चाचण्यांचा गाभा आहे. परळच्या प्रयोगांत जी मर्यादा दिसून येते, तिचेच हे पद्धतशीर उत्तर म्हणता येईल. अर्थात त्यासाठी प्राण्याला द्यावा लागणारा त्रासही वाढतो, ही त्याची दुसरी बाजू होय.

८. प्राण्यांच्या हिताचा प्रश्न

मुंबईत कुत्र्यांविषयीची सहानुभूती जुनी आहे. १८३२ साली भटकी कुत्री मारण्याच्या सरकारी मोहिमेविरुद्ध पारशी समाजाने केलेला उठाव प्रसिद्ध आहे. स्वातंत्र्यानंतर रुक्मिणीदेवी अरुंडेल यांनी राज्यसभेत खाजगी विधेयक मांडून हा विषय राष्ट्रीय पातळीवर आणला. त्याची परिणती १९६० च्या प्राणिक्लेश प्रतिबंधक कायद्यात झाली. या कायद्याने प्राण्यांवरील वैज्ञानिक प्रयोगांना बंदी घातली नाही, परंतु त्यांवर देखरेख ठेवणाऱ्या समितीची तरतूद केली. मुंबईतील हृदयप्रयोग ऐन भरात असतानाच हा कायदा आला. त्याची प्रत्यक्ष पकड बसण्यास मात्र फार वेळ लागला. प्रयोगशाळांची नोंदणी, संस्थात्मक नैतिक समित्या व प्राणी कोठून आणावेत याविषयीचे तपशीलवार नियम १९९८ साली अस्तित्वात आले.

या विलंबाचा एक परिणाम इतिहासकाराला जाणवतो. परळच्या शल्यचिकित्सकांची नावे, त्यांचे सन्मान, त्यांचे शोधनिबंध उपलब्ध आहेत. ज्या कुत्र्यांवर हे ज्ञान उभे राहिले, त्यांना गौरवग्रंथांत क्वचितच जागा मिळते. प्रयोगाचे समर्थन करावयाचे असो वा त्याला विरोध करावयाचा असो, प्रत्येक प्राण्याचा हिशेब राहणे ही दोन्ही पक्षांची गरज आहे. फसलेल्या प्रयोगाची नोंद राहिली नाही तर तोच प्रयोग दुसरीकडे पुन्हा केला जातो आणि दुसरा प्राणी त्याच चुकीसाठी बळी जातो.

याच्या उलट उदाहरण म्हणून तिरुवनंतपुरम येथील श्रीचित्रा तिरुनाल संस्थेचा विचार करता येईल. डॉ. एम. एस. वलियातन यांच्या नेतृत्वाखाली तेथे कृत्रिम हृदयझडप विकसित झाली. आधीची प्रारूपे एकामागून एक बाद करून चौथे प्रारूप स्वीकारण्यात आले, मेंढ्यांवर त्याची चाचणी झाली आणि डिसेंबर १९९० मध्ये ती झडप प्रथम मानवात बसवण्यात आली. अपयशांची नोंद ठेवून त्यांतून पुढे जाणारी अखंड परंपरा तेथे निर्माण झाली. परळमध्ये प्रतिभा व धाडस यांची उणीव नव्हती. उणीव होती ती त्या कार्याला पुढे नेणाऱ्या सातत्याची.

निष्कर्ष

वरील विवेचनावरून पुढील निष्कर्ष काढता येतात :

(१) मुंबईतील हृदयशल्यचिकित्सेचा पाया यंत्राच्या आयातीने नव्हे, तर प्राणिप्रयोगशाळेत घडलेल्या चमूने घातला. स्वदेशी व परदेशी यंत्र हा भेद या दृष्टीने दुय्यम ठरतो.

(२) निरोगी प्राण्यावरील यशस्वी प्रयोग आजारी मनुष्यावरील यशाची हमी देत नाही. विशेषतः उजवी जवनिका व फुप्फुसांतील दाब यांच्या बाबतीत हे अंतर मोठे आहे. दोन्ही जवनिकांना आधार देणाऱ्या पंपांच्या चाचण्यांत या अंतराचा विचार केंद्रस्थानी असावयास हवा.

(३) ऱ्हुमॅटिक विकाराने उजवी जवनिका थकलेले रुग्ण ज्या प्रदेशात आढळत आले, तेथे केवळ डाव्या बाजूच्या पंपाची चाचणी अपुरी ठरते. पाश्चात्त्य देशांत रोहिण्या तुंबल्यामुळे होणारा हृदयविकार समोर ठेवून घडवलेली यंत्रे येथील रुग्णाला जशीच्या तशी लागू पडतील, असे गृहीत धरता येत नाही.

(४) प्राणिप्रयोगांची संपूर्ण नोंद, अपयशांसह, ठेवणे हे वैज्ञानिक व नैतिक असे दुहेरी कर्तव्य आहे.

अलीकडे कानपूरच्या भारतीय तंत्रज्ञान संस्थेने 'हृदयंत्र' या नावाने देशी हृदयसहायक पंपाचा प्रकल्प हाती घेतला असून प्राण्यांवरील चाचणी हा त्याचा आवश्यक टप्पा मानला आहे. आयात पंपांची किंमत बहुसंख्य भारतीयांच्या आवाक्याबाहेर असल्याने अशा प्रयत्नांचे महत्त्व निर्विवाद आहे. मात्र त्यांची अंतिम कसोटी प्रयोगशाळेतील मेंढी किंवा वासरू किती दिवस जगले, एवढ्यावर लागणार नाही. श्रीवर्धन किंवा मुरूडहून, सुजलेल्या पायांनी व लागलेल्या धापेने, शासकीय रुग्णालयाच्या दारात येणाऱ्या रुग्णाला ते यंत्र मिळते काय आणि त्याच्या थकलेल्या उजव्या जवनिकेला ते सोसते काय, यावरच त्या यंत्राचे व त्यासाठी खर्ची पडलेल्या प्राण्यांचे मोल ठरेल.